गळती सीलची नव्हती : १९६८ च्या अँबॅसिडरच्या क्रँककेस वायुवीजनाचा प्रकरण अभ्यास

माझ्या मामांकडे १९६८ साली नोंदणी झालेली अँबॅसिडर मार्क टू आहे. गेली तीन वर्षे ही गाडी ज्या दुखण्याने बेजार होती, त्याचे निदान पुण्यातल्या दोन निरनिराळ्या गॅरेजांत एकच झाले : मागचे ऑईल सील (क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेले आहे, इंजिन खाली घ्यावे लागेल. एकदा ते खाली घेऊनही झाले. क्लच प्लेट बदलली, गॅस्केटचा पूर्ण संच बदलला, मजुरी दिली, आणि दोन महिन्यांच्या आत बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या क्लचच्या आवरणाच्या, तळाशी तेलाचा थेंब पुन्हा लोंबू लागला. मामांनी गाडी विकण्याची भाषा सुरू केली तेव्हा मी ती माझ्याकडे मागून घेतली. या इंजिनाला मागच्या बाजूस रबरी ऑईल सील मुळात नाहीच, आणि जे सील नाही ते जाणार तरी कसे, हा माझ्या तपासाचा पहिला प्रश्न होता.

अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातले आहे. बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, आणि क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगवर बसलेला. मागच्या बेअरिंगच्या पलीकडे शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कापलेली असते आणि तिच्याभोवती अगदी थोडी फट ठेवून घर बसवलेले असते. शाफ्ट फिरू लागला की हे आटे बाहेर येऊ पाहणाऱ्या तेलाला उलट दिशेने, म्हणजे ऑईल चेंबरकडे, रेटत राहतात. कोणताही भाग कोणत्याही भागाला घासत नाही, त्यामुळे ही रचना झिजत जवळजवळ नाहीच. तिची अट मात्र एक आहे : क्रँककेसमधला, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या कप्प्यातला, दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढता कामा नये. तो वाढला की आत कोंडलेली हवा त्याच फटीतून वाट काढते आणि जाताना तेल बरोबर नेते. ते तेल बेल हाउसिंगमध्ये साचून क्लचवर जाऊ नये म्हणून तळाशी एक भोक ठेवून त्यात स्प्लिट पिन सैल लोंबती सोडलेली असते. चालत्या गाडीत ती हलत राहते आणि भोक बुजू देत नाही. म्हणजे थोडेफार तेल येणार हे ही रचना करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. मामांच्या गाडीत जे येत होते ते मात्र थोडेफार नव्हते. वीस किलोमीटर फिरवून आणलेल्या गाडीखाली रात्रभर स्टीलची थाळी ठेवली आणि सकाळी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, तेव्हा २२ ग्रॅम तेल भरले.

क्रँककेसमध्ये दाब येतो तो पिस्टन रिंगांच्या बाजूने निसटणाऱ्या वायूंमुळे, ज्यांना गॅरेजमध्ये ब्लो-बाय म्हणतात. नव्या कोऱ्या इंजिनातही ते थोडे असतातच. त्यांत न जळलेले पेट्रोल असते, आम्ल तयार करणारे घटक असतात आणि पाण्याची वाफ भरपूर असते, कारण एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातला अगदी छोटा अंश खाली उतरला तरी तेलात मिसळायला तो पुरेसा ठरतो.

या वायूंना बाहेर काढण्याची जुनी पद्धत म्हणजे ब्रीदर पाइप. बी सिरीजच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा-पेट्रोलचे मिश्रण पोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली, टॅपेटच्या कप्प्यावर पत्र्याची दोन झाकणे असतात. त्यांपैकी पुढच्या झाकणातून एक पाइप थेट रस्त्याच्या दिशेने खाली उतरतो. गाडी वेगात असली की पाइपच्या तोंडावरून वाहणारा वारा आतली हवा हळूहळू ओढून घेतो आणि तिच्या जागी इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरला जोडलेल्या होजमधून एअर क्लीनरची गाळलेली हवा आत येते. मोकळ्या रस्त्यावर ही व्यवस्था चांगली चालते. स्वारगेटच्या सिग्नलला तीन मिनिटे उभ्या असलेल्या गाडीला मात्र कोणताही वारा लागत नाही. तेव्हा आतला वायू केवळ स्वतःच्या दाबाने जमेल तसा बाहेर पडतो आणि त्याचा वास केबिनमध्ये येतो.

या गाडीत तर तेवढीही वाट उरली नव्हती. पूर्वी कधी तरी मूळ एअर क्लीनर बदलून दुसऱ्या गाडीचा बसवला गेला होता. त्याला होजसाठी तोटी नव्हती, म्हणून टॅपेट कव्हरच्या होजमध्ये एक बोल्ट कोंबून वरून क्लिप आवळलेली होती. वरची वाट अशी बंद झाल्यावर सगळा भार खालच्या पाइपवर आला. पुढचे झाकण काढून पाहिले तेव्हा तेल अडवण्यासाठी आत बसवलेली तारेची जाळी आणि तिच्यावर चढलेला काळा साका मिळून डांबरासारखा एकच गोळा झाला होता. तारेने टोकरून पाहिले तर आरपार वाट होती ती जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी.

तरीही नुसत्या डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढणे मला योग्य वाटले नाही. जुन्या इंजिनात ब्रीदरमधून हवा मारत असेल तर रिंगा गेल्याची शक्यता आधी तपासायलाच हवी; रिंगा गेलेल्या असतील तर वायुवीजनाची कितीही चांगली व्यवस्था म्हणजे वरवरची मलमपट्टी. गरम इंजिनावर थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलेंडरात निर्माण करतो तो दाब, घेतले तेव्हा चारही सिलेंडर चौरस इंचाला ११५ ते १२२ पौंडांच्या दरम्यान आले आणि प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतल्यावर आकडा किंचितच वाढला; रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट बुजून तो बराच वाढला असता. रिंगा तरुण नव्हत्या, पण शाबूत होत्या.

दाब मोजण्यासाठी मी गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. एका फळीवर ती इंग्रजी ‘यू’च्या आकारात खिळवली, शेजारी मोजपट्टी चिकटवली, नळीत कुंकू कालवलेले पाणी भरले आणि तिचे एक टोक रबरी बुचातून डिपस्टिकच्या भोकात बसवले. हे साधन गावठी दिसते, पण या कामासाठी याच्याइतके नेमके दुसरे नाही. पाण्याचा एक सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे ९८ पास्कल, आणि एवढ्याशा दाबाने टायरच्या किंवा ऑईलच्या गेजचा काटा जागचा हलतही नाही. आयडलिंगवर पाणी दोन सेंटिमीटर बाहेर ढकलले गेले. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर १४ सेंटिमीटर. शाफ्टवरच्या त्या आट्यांनी एवढ्या दाबाशी झगडावे अशी अपेक्षाच नसते. गॅरेजने एकदा इंजिन खाली घेतले तेव्हा हीच फळी कोणी दहा मिनिटे लावली असती तर मामांचे बरेच पैसे वाचले असते, हे लिहिताना मला आजही वाईट वाटते.

पहिली दुरुस्ती अर्थातच मूळ व्यवस्था पूर्ववत करण्याची होती. झाकण आणि जाळी दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवली आणि ब्रशने घासली. हे झाकण मधल्या एकाच बोल्टवर आवळलेले असते. गळती थांबावी म्हणून प्रत्येक जण तो बोल्ट आणखी आवळत गेल्याने पत्रा मध्यभागी बशीसारखा खोलगट झाला होता आणि त्यामुळेच कडा गॅस्केटवरून उचलल्या गेल्या होत्या. लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून तो सपाट केला, नवे कॉर्कचे गॅस्केट लावले, होजमधला बोल्ट काढला आणि एअर क्लीनरला पितळी तोटी बसवून होज तिथे जोडला. दुसरी एक गोष्ट याच वेळी सापडली : इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. परंतु त्यामुळे इंजिन नेहमी थंडच चालते आणि आतली वाफ तेलात मुरत राहते. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवला.

एवढ्यानेच २,५०० फेऱ्यांवरचा दाब १४ वरून एक सेंटिमीटरवर आला आणि थाळीतले तेल २२ ग्रॅमवरून ७ ग्रॅमवर. पुष्कळांनी इथे थांबावे, असेच मी सांगेन. मामांची गाडी मात्र वर्षातले आठ महिने शहरातच, घरापासून मंडईपर्यंत अशा छोट्या फेऱ्यांना वापरली जाते, आणि जुलैमध्ये तेलाचे झाकण उघडले तर त्याच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट साका पुन्हा धरलेला दिसला. सिग्नलला वासही येतच होता. दाब उतरला होता, पण थांबलेल्या गाडीत ताजी हवा क्रँककेसमधून फिरत नव्हती. ती फिरवायची तर ओढ वाऱ्याची नव्हे, इंजिनाच्या स्वतःच्या मॅनिफोल्डची हवी. याच कामाचा व्हॉल्व्ह म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन).

ही कल्पना या गाडीच्या काळाला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या इंजिनात क्रँककेसची हवा मॅनिफोल्डकडे ओढणारा व्हॉल्व्ह होताच. कॅलिफोर्नियाने धुरक्याच्या प्रश्नावरून १९६१ मध्ये मोटारींना ही व्यवस्था सक्तीची करण्याचा निर्णय घेतला, आणि खुद्द बी सिरीज इंजिनावर, एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीत, १९६४ पासून बंदिस्त वायुवीजन येऊ लागले. म्हणजे १९६८ च्या इंजिनावर मी जे करू पाहत होतो, ते त्याच्या विलायती भावंडावर चार वर्षे आधीच झालेले होते.

माझ्यावर बंधन होते ते वेगळे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळू शकतो. असा क्रमांक घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, म्हणून मामांना तो इतक्यात नको आहे. पण पुढेमागे घ्यायचा झालाच तर गाडीच्या कोणत्याही मूळ भागाला भोक पाडलेले नसावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मला पूर्ण पटला. मॅनिफोल्डला ड्रिल मारणे हा सर्वांत सोपा मार्ग त्यामुळे सुरुवातीलाच बाद झाला.

त्याऐवजी एसयू कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसणारी १२ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची चकती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतली आणि तिच्या अंगात पितळेची तोटी बसवली. ओढ मधोमध, कार्बोरेटरच्या तोंडाशीच घ्यावी लागते, त्याला कारण आहे. या हेडमध्ये चार सिलेंडरांना इनलेटचे दोनच मार्ग आहेत, दोघा-दोघांत वाटलेले. तोटी एका बाजूला बसवली तर त्या बाजूच्या जोडीलाच जादा हवा मिळून मिश्रण पातळ होते. चकतीमुळे कार्बोरेटर १२ मिमी बाहेर आला, म्हणून लांब स्टड घालावे लागले आणि ॲक्सिलरेटरचा दांडा नव्याने जुळवावा लागला. पुढच्या बाजूसाठी नाना पेठेत जुन्या इंजिनाचे एक सुटे झाकण मिळाले. त्याचा पाइप चार सेंटिमीटरवर कापून त्यावर होज चढवला आणि मूळ झाकण जसेच्या तसे बाजूला ठेवले. व्हॉल्व्ह १.३ लिटरच्या चार सिलेंडर पेट्रोल इंजिनाचा निवडला, कारण त्याची क्षमता आपल्या इंजिनाच्या ब्लो-बायशी जवळपास जुळते. असा व्हॉल्व्ह विकत घेताना कानाशी हलवून पाहावा. आतला दट्ट्या खुळखुळला पाहिजे.

या खुळखुळणाऱ्या दट्ट्यातच सगळी हुशारी आहे. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त असते, तेव्हा दट्ट्या स्प्रिंगवर मात करून पुढे ओढला जातो आणि अगदी अरुंद वाट ठेवतो, जेणेकरून इंजिनाची लय बिघडू नये. सरळ रस्त्यावर ओढ मध्यम असताना तो मधल्या जागी येतो आणि वाट मोठी होते. ब्लो-बायही तेव्हा वाढलेले असते. चढावर थ्रॉटल पूर्ण दाबले की ओढच उरत नाही, आणि जादा वायू उलट दिशेने टॅपेट कव्हरच्या होजमधून एअर क्लीनरकडे जातो. कार्बोरेटरमधून बॅकफायर झाला तर दट्ट्या मागे आपटून वाट बंद करतो, आणि ज्वाळा क्रँककेसमध्ये शिरत नाही.

शाफ्टच्या आट्यांना मदत व्हावी म्हणून क्रँककेसमध्ये किंचित ओढ कायम राहावी, असे मला वाटत होते. त्यासाठी आत येणाऱ्या हवेच्या होजमध्ये भोक पाडलेली पितळी टिकली घातली. एमजीबीच्या नंतरच्या इंजिनांत हवेची वाट साधारण साडेतीन मिलिमीटरची असते हे ठाऊक असल्याने मीही पहिले भोक तेवढेच ठेवले. ती चूक होती. त्या इंजिनांत ओढ कार्बोरेटरच्या आतल्या, जवळपास स्थिर दाबाच्या जागेतून घेतलेली असते; माझी थेट मॅनिफोल्डमधून होती. आयडलिंगवर पाणी सहा सेंटिमीटर इंजिनाकडे चढले आणि वेग वाढवताच कुंकवाचे पाणी नळीतून असे सरसर डिपस्टिककडे धावले की मी हातातल्या पकडीने नळी चिमटून धरली, तेव्हा ते बुचापासून वितभर अंतरावर थांबले. इतकी ओढ गळतीपेक्षाही वाईट. पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये शाफ्टभोवती फक्त नमद्याची रिंग आहे, तिच्यातून आणि मागच्या फटीतून रस्त्यावरची धूळ गाळल्याशिवाय आत खेचली जाते आणि तेलाचा फवारा मॅनिफोल्डमध्ये जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. तो निघालाही.

भोक टप्प्याटप्प्याने मोठे करत सहा मिलिमीटरवर आणले तेव्हा आयडलिंगला एक सेंटिमीटर आणि २,५०० फेऱ्यांवर सहा सेंटिमीटर ओढ स्थिर राहिली. मग फळी केबिनमध्ये उभी बांधून कात्रजचा जुना घाट चढलो; मामा मागच्या सीटवर बसून आकडे वाचत होते. गाडी हलते तसे पाणी डोलते, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरच्या आतल्या फरकाला अर्थ नाही, पण तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर दाब एक सेंटिमीटरच्या वर गेला नाही. पहिल्या दिवशी घाईत लावलेला पाण्याचा साधा होज मात्र याच फेरीत तेलाने फुगून मऊ पडला आणि ओढीने चपटा झाला. इथे तेल सहन करणारा जाड नायट्राइल होजच हवा.

कार्बोरेटर पुन्हा जुळवल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. ७०० फेऱ्यांवर हे इंजिन मिनिटाला सुमारे ५२० लिटरची जागा उपसते, पण थ्रॉटल मिटलेले असल्याने प्रत्यक्ष हवा त्याच्या चौथाईच्या आसपास, म्हणजे १३० लिटर. व्हॉल्व्हमधून २० लिटर जरी आली तरी तो सहावा-सातवा हिस्सा झाला, आणि ती कार्बोरेटरला वळसा घालून येते. साहजिकच इंजिन आयडलिंगला अडखळू लागले. एसयूच्या जेटखालचा नट दोन फ्लॅट, म्हणजे त्याच्या सहापैकी दोन बाजूंइतका, खाली फिरवून मिश्रण दाट केले. कार्बोरेटरमधला पिस्टन त्याच्या पिनेने किंचित उचलून पाहावा : फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण दाट, लगेच पडले तर पातळ, आणि क्षणभर वाढून जागेवर आले तर बरोबर. सोबत तेलाच्या झाकणाचे गॅस्केट आणि डिपस्टिकची चकती नवी घातली, कारण क्रँककेसमध्ये ओढ असताना तिथली फट म्हणजे धुळीला उघडे दार.

या सगळ्याला आता चौदा महिने आणि एक पूर्ण पावसाळा झाला. थाळीत सकाळी दोन ग्रॅमच्या आसपास तेल मिळते, आणि या रचनेच्या इंजिनाकडून त्याहून कमी मागणे मला रास्त वाटत नाही. क्लच घसरत नाही. ऑगस्टमध्ये झाकण उघडले तेव्हा आत साका नव्हता, कडेला थोडे दवाचे थेंब होते. सिग्नलला येणारा वास थांबला, हे मामींनी सर्वांत आधी सांगितले. पुढच्या नमद्याच्या रिंगेतून अजून किंचित ओल येते. ती पुढच्या वेळी पुली काढली जाईल तेव्हा बदलायची आहे. व्हॉल्व्ह दर तेलबदलाला काढून पेट्रोलने धुतो आणि कानाशी हलवून पाहतो. मूळ झाकण, त्याचा पाइप आणि आखूड स्टड तेल लावलेल्या कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून डिकीत ठेवले आहेत; ते परत बसवायला मला दोन तास लागतील.